अकरा दिवसांचा शिफ्ट इनचार्ज

"मॅडम, माणूस ठणठणीत आहे असं एक सर्टिफिकेट द्या," सावंत म्हणाले.

"मॅडम, वडील आजारी हायेत असं एक सर्टिफिकेट द्या," रमेश म्हणाला.

दोघं एकाच माणसाबद्दल बोलत होते. तो माणूस दोघांच्या मधल्या खुर्चीत बसला होता आणि माझ्या बीपी मशीनची नळी कुठून लीक होतेय ते वाकून बघत होता. नळी खरंच लीक होत होती. पंधरा दिवस मला कळलं नव्हतं.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. म्हणजे मेंदू आणि नसांची डॉक्टर. दवाखाना बारामतीत आहे, पण माहेर इंदापूरचं असल्यामुळे दर गुरुवारी तिथल्या एका ओळखीच्या हॉस्पिटलात ओपीडी घेते. अर्धांगवायू, फिट, डोकेदुखी असे पेशंट असतात. सर्टिफिकेटं मागणारेही असतात. पण एकाच पेशंटसाठी एकाच वेळी दोन उलटी सर्टिफिकेटं त्याआधी कोणी मागितली नव्हती.

पेशंटचं नाव हिरामणराव जाधव. वय सहासष्ट. राहणार कऱ्हाटी. रमेश त्यांचा मुलगा, इंदापूरला तहसील कचेरीत क्लार्क, राहायला तिथंच. सावंत हे बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीचे एचआर मॅनेजर. हिरामणराव त्या डेअरीत बत्तीस वर्षं होते, त्यातली शेवटची अठरा वर्षं शिफ्ट इनचार्ज. सहा वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, सगळं रीतसर झालं होतं.

आणि माझ्याकडे येण्याच्या दोनेक आठवडे आधी एका सकाळी ते परत ड्युटीवर गेले.

मोटरसायकलची किल्ली रमेशनं आधीच काढून घेतली होती, कारण ते दोनदा रस्ता चुकले होते. म्हणून हिरामणराव निळा शर्ट, पांढरी टोपी, हातात डबा अशा थाटात फाट्यावर उभे राहिले. सकाळी एमआयडीसीत जाणाऱ्या गाड्यांची तिथून रांगच असते. गावातल्या एका कामगारानं साहेबांना ओळखलं आणि मागं बसवलं.

गेटवरचा सिक्युरिटी गार्ड नवा होता. त्यानं कार्ड मागितलं. हिरामणरावांनी त्याला आधी शर्टाचं वरचं बटण लावायला सांगितलं. त्यानं बटण लावलं आणि गेट उघडलं.

आत जुने दोन कामगार होते. साहेबांना परत बोलावलं म्हणून ते खूश झाले. बाकीचे कॉन्ट्रॅक्टवरचे. त्यांना वाटलं, हेड ऑफिसचा माणूस असणार. प्लांट मॅनेजरला वाटलं, एचआरनं कन्सल्टंट आणलाय. एचआरला, म्हणजे सावंतांना, वाटलं की प्लांट मॅनेजरनं आणलाय. त्या शिफ्टचा खरा इनचार्ज तीन महिन्यांपूर्वीच लागला होता. वरून कोणी सिनियर आलंय असं समजून तो वही धरून मागे मागे फिरला. हिरामणराव प्लांट मॅनेजरला रोज 'पाटील साहेब' म्हणायचे. पाटील हे दोन मॅनेजर आधीचे. पण समोरचा हेड ऑफिसचा असेल तर कशाला दुरुस्त करा, म्हणून हा गृहस्थ रोज पाटील या नावाला ओ देत राहिला.

असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी हिरामणरावांनी मुलीच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा टाकली. सावंतांनी ती मंजूर केली. मंजूर करून झाल्यावर रजा खात्यातून वळती करायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणाला, असा कर्मचारीच नाही. मग चौकशी झाली. मुलीचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. तिचा मुलगा बारावीला होता.

आता खरी अडचण. डेअरीत पाश्चरायझेशनची लॉगबुक असते. पाश्चरायझेशन म्हणजे दूध ठरावीक तापमानाला ठरावीक सेकंद तापवून लगेच थंड करणं, म्हणजे त्यातले जंतू मरतात. इनचार्ज दर अर्ध्या तासाला तापमान वहीत लिहून सही करतो. अकरा दिवस सगळ्या पानांवर हिरामणरावांची सही होती. सोमवारी डेअरीचं दूध घेणाऱ्या एका आइस्क्रीम कंपनीचा ऑडिटर यायचा होता. सही करणारा माणूस मेंदूच्या आजाराचा निघाला, तर अकरा दिवसांचा माल परत मागवावा लागणार. म्हणून सावंतांना तो ठणठणीत हवा होता.

पण हेड ऑफिसनं असंही कळवलं होतं की विनापरवानगी आत शिरून खोट्या सह्या केल्याबद्दल पोलिसांत तक्रार द्या. म्हणून रमेशला वडील आजारी हवे होते.

"म्हणजे शहाणे असले तर आत जाणार, आजारी असले तर दूध वाया जाणार," रमेश म्हणाला. "मॅडम, मी सरकारी नोकर हाय. उद्या वडलांवर गुन्हा दाखल झाला तर मी कचेरीत तोंड कसं दाखवू?"

मी म्हटलं, आधी तपासते, मग लिहीन. दोघांना बाहेर बसवलं.

हिरामणरावांना मी पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी विचारलं, तर एकही आठवेना. शब्द सांगितले होते हेच आठवेना. साल विचारलं. त्यांनी बावीस वर्षांपूर्वीचं सांगितलं, तेही बिनदिक्कत. मग मी कागद दिला आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ही आमची नेहमीची टेस्ट आहे. आकडे कुठे पडतात, काटे जमतात का, यावरून बरंच कळतं.

त्यांनी सुंदर गोल काढला. त्यात एकात एक आणखी गोल काढले. कडेनं तास लिहिले. मग पेन बारीक धरून आत एक नागमोडी रेघ ओढत नेली.

"हे काय?" मी विचारलं.

"चार्ट," ते म्हणाले. "बहात्तरच्या खाली रेघ आली न्हाय पायजे. आली तर दूध मागं फिरवायचं, परत तापवायला."

जुन्या मशीनवर तापमान नोंदवणारा गोल कागद असायचा, तो त्यांनी काढला होता. घड्याळाच्या टेस्टमध्ये त्यांना शून्य मार्क. पण चार्ट अगदी बरोबर होता, असं दुसऱ्या दिवशी डेअरीतल्या एका जुन्या माणसानं तो पाहून मला सांगितलं.

रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय संध्याकाळपर्यंत बारामतीत करून घेतले. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह ठीक होतं. कधी कधी विसरभोळेपणा त्यांच्या कमतरतेमुळे येतो आणि बरा होतो, म्हणून ते आधी बघायचं. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आकसलेला दिसला. नव्या आठवणी आधी तिथं उतरतात. आधीपासूनचा इतिहास, टेस्ट आणि फोटो, सगळं अल्झायमरकडे बोट दाखवत होतं.

हा आजार कसा चालतो ते थोडक्यात सांगते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये बारीक फट असते आणि निरोप ती फट ओलांडून जातो. त्या जोडाला सायनॅप्स म्हणतात. आपण एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो तेव्हा तिचे जोड पक्के होतात आणि नवेही तयार होतात. वय झालं की काही जोड ढिले पडतात. एखादं नाव ओठांवर येऊन अडकतं आणि अर्ध्या तासानं आठवतं, ते यामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अल्झायमरमध्ये मात्र पेशी मरायच्या बऱ्याच आधी हे जोड तुटायला लागतात. कालपरवाचे आधी तुटतात. बत्तीस वर्षं रोज आठ तास वापरलेले शेवटपर्यंत तग धरतात, कारण ते संख्येनं जास्त असतात आणि मेंदूच्या वेगळ्या भागात असतात. म्हणून काल काय जेवलो ते न आठवणारा माणूस हार्मोनियम वाजवू शकतो. किंवा शिफ्ट चालवू शकतो.

किती चालवू शकतो, हा प्रश्न होता. तो ओपीडीत बसून सुटणारा नव्हता. मी सावंतांना फोन करून सांगितलं की उद्या मला हिरामणरावांना प्लांटमध्ये बघायचं आहे.

शुक्रवारी सकाळी हिरामणराव, रमेश आणि मी एमआयडीसीत पोहोचलो. गार्डनं हिरामणरावांना सॅल्यूट ठोकून आत सोडलं. मला मात्र आधार कार्ड, व्हिजिटर पास, फोटो आणि डोक्याला जाळी, असं सगळं करून मग सोडलं.

आत पाय ठेवताच माणूस बदलला. पाठ सरळ झाली. चाल ठाम झाली. गमबूट कुठे ठेवलेले असतात ते विचारावं लागलं नाही. मी मागे मागे चालत होते. त्यांनी वळून विचारलं, "तुमी नव्या का?" मी हो म्हटलं. ते मला दूध कुठून येतं, कुठे तापतं, कुठे गार होतं हे समजावू लागले. इतकं स्वच्छ मला मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. दहा मिनिटांत त्यांनी तीनदा विचारलं की तुमी नव्या का. मी तीनदा हो म्हटलं.

मग ते एका भिंतीपाशी थांबले, कान दिला आणि म्हणाले, "ह्या पंपाचं बेअरिंग गेलंय. आवाज ऐका."

तिथं पंप नव्हता. मेंटेनन्सवाल्यानं सांगितलं की तो पंप काढून बरीच वर्षं झाली. तिथं आता पिण्याच्या पाण्याचा कूलर आहे.

पुढे दोन पावलं जाऊन त्यांनी डाव्या हातानं एक व्हॉल्व्ह धरला आणि फिरवायला लागले. तो तीन महिन्यांचा खरा इनचार्ज एकदम पुढे झाला आणि त्यांचा हात धरला. पूर्वी तिथं साध्या पाण्याची लाइन होती. हिरामणराव रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी पाइपिंग बदललं. आता त्या लाइनमधून मशीन धुवायचं गरम ॲसिड जात होतं. नवं पाइपिंग त्यांच्या मेंदूत कधी उतरलंच नव्हतं. हात जुन्या नकाशावर चालत होता.

मी त्या इनचार्जला बाजूला घेऊन विचारलं, असं आधी कधी झालं होतं का. तो खाली बघत म्हणाला, दोनदा. दोन्ही वेळा त्यानंच हात धरला होता. कुणाला सांगितलं का? नाही. सिनियर माणसाची तक्रार कशी करायची.

आम्ही मीटिंग रूममध्ये बसलो. हिरामणरावांना बाहेर चहा दिला. सावंत म्हणाले, ॲसिडचं ठीक आहे, ते होता होता राहिलं, पण वहीचं काय? मी म्हटलं, दुधाची मी डॉक्टर नाही, पण मशीनचा स्वतःचा काही रेकॉर्ड असेल ना? होता. कॉम्प्युटर दर मिनिटाला तापमान साठवत होता. तो प्रिंट काढून वहीशी ताडून बघायचं अकरा दिवसांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

प्लांट मॅनेजर, क्वालिटीच्या मॅडम आणि सावंत तिघंही तुलना करायला बसले. हिरामणरावांची प्रत्येक नोंद कॉम्प्युटरशी जुळत होती. पॉइंटसकट. एकदा तापमान किंचित घसरलं होतं, तेही त्यांनी लिहिलं होतं आणि पुढे 'दूध मागे फिरवले' असा शेरा मारला होता. तेही कॉम्प्युटरशी जुळलं. सावंतांचा चेहरा खुलला. मग कोणीतरी सहज दुसऱ्या शिफ्टची पानं उलटली. तिथं प्रत्येक अर्ध्या तासाला साडेबहात्तर लिहिलं होतं. महिनाभर. एकाच शाईनं, एका दमात लिहिल्यासारखं. कॉम्प्युटरशी त्याचा काही संबंध नव्हता.

क्वालिटीच्या मॅडमनी ती वही मिटून बाजूला ठेवली.

मी हिरामणरावांचं पहिलं पान पुढे ओढलं. "तुम्ही एक पाहिलंय का?" मी विचारलं. "वर तारीख बघा."

दिवस बरोबर होता. महिना बरोबर होता. साल बावीस वर्षांपूर्वीचं होतं. अकराही दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरातून ते दिवस आणि महिना रोज उतरवत असणार, साल मात्र मनातलं लिहीत होते. आणि त्या प्रत्येक पानावर खाली दोन सह्या होत्या. एक क्वालिटीची, एक प्लांट मॅनेजरची. तपासून पाहिले, अशी.

प्लांट मॅनेजरनं चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. साल तेच होतं.

सावंत हळूच म्हणाले, "डॉक्टर, सर्टिफिकेटमध्ये हे सालाचं आलंच पाहिजे का?"

"साल न आठवणं हेच तर आजाराचं लक्षण आहे," मी म्हटलं. "ते वगळून काय लिहू?"

"मग लोक विचारतील, बाकीच्या दोघांना काय झालं होतं."

"त्यांना माझ्याकडे पाठवा. तपासते."

क्वालिटीच्या मॅडम हसल्या. प्लांट मॅनेजर हसले नाहीत.

मी तिथंच बसून एक सर्टिफिकेट लिहिलं. एकच. त्यात लिहिलं की पेशंटला अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. आपण रिटायर झालो हे त्यांच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे आत शिरण्यामागे कुठलाही गैरहेतू नव्हता. जुनं कौशल्य बऱ्यापैकी शाबूत आहे, पण नवीन बदल लक्षात राहत नाहीत. त्यामुळे मशीनजवळ त्यांना आणि इतरांना धोका आहे. त्यांच्या नोंदींवर विश्वास ठेवायचा की नाही ते मशीनच्या रेकॉर्डवरून ठरवावं. त्याच्या दोन प्रती काढून एक सावंतांना दिली, एक रमेशला. ज्याला जो परिच्छेद हवा तो त्यानं वाचावा.

पोलिसांत तक्रार गेली नाही. तक्रारीला वहीची पानं जोडावी लागली असती. माल परत मागवावा लागला नाही, कारण कॉम्प्युटरचा प्रिंट होता. सोमवारी ऑडिट झालं. सावंतांनी नंतर सांगितलं की ऑडिटरनं दोन्ही वह्या पाहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टच्या इनचार्जला ट्रेनिंग द्या असा शेरा लिहून गेला.

माझ्या दृष्टीनं केस तिथं संपायला हवी होती. गोळ्या सुरू केल्या होत्या. या गोळ्या तुटलेले जोड परत जोडत नाहीत, राहिलेल्या जोडांवरून निरोप जरा नीट जावा इतकीच मदत करतात. पण दहा दिवसांनी रमेश आई-वडिलांना घेऊन बारामतीच्या दवाखान्यात आला. हिरामणराव बिघडले होते. रोज सकाळी दाराशी उभे राहत. कुलूप दिसलं की दार हलवत. एकदा त्यांनी बायकोला ढकललं होतं.

त्यांच्या पत्नी शालनताई शेजारी बसल्या होत्या. रमेश औषधं आणायला खाली गेला, तेव्हा त्या बोलल्या.

"म्याडम, मला ठावं व्हतं. डबा मीच भरून द्यायची."

मी विचारलं, अकराही दिवस?

"व्हय. आता नोकरी ऱ्हायली न्हाय, हे मला कळत न्हाय का? पर तिकडनं आलं की पोटभर जेवायचं. निवांत झोपायचं. आन् मला शालन म्हणायचं. त्याआधी दोन म्हैनं मला बाई म्हणत व्हतं. तुमी कुठनं आलाय बाई, असं. मग मी म्हणलं, जाऊ द्या. दूध तर नासत न्हाईत."

त्यांना ॲसिडच्या लाइनचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तिथं न्हाय तर दुसरं कुठं तरी लावा. घरात बसवू नका."

आता हे माझ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये नव्हतं. पण त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. आठवणींचे जोड तुटत असले तरी सवयीचे जोड मेंदूच्या दुसऱ्या भागात होतात, आणि तो भाग या आजारात उशिरा बिघडतो. अशा माणसाला नवी गोष्ट सांगून शिकवता येत नाही. पण तीच गोष्ट त्याच वेळी, त्याच वाटेनं, चूक होऊ न देता रोज करून घेतली, तर अंगवळणी पडू शकते. त्याला ती शिकल्याचं आठवत नाही. पायांना कळतं.

कऱ्हाटीतच सुनीता नावाची त्यांची लांबची भाची दूध संकलन केंद्र चालवते. गावातले लोक तिथं सकाळी दूध घालतात. तिथं ॲसिड नाही, वाफ नाही. मी तिला फोन केला. ती म्हणाली, येऊ द्या मामांना, तेवढीच शिस्त लागंल लोकांना.

दुसऱ्या दिवसापासून शालनताई त्यांना रोज साडेसहाला टोपी घालून, डबा देऊन केंद्रावर न्यायला लागल्या. वाट दहा मिनिटांची. मधे एक वळण आहे. उजवीकडे फाटा, डावीकडे केंद्र. पहिले कित्येक दिवस हिरामणराव उजवीकडेच वळायचे, एमआयडीसीच्या गाड्या पकडायला. शालनताई वळणाच्या आधीच त्यांचा हात धरायच्या. चूक होऊ द्यायची नाही, हे मी बजावून सांगितलं होतं. गावातल्या कामगारांनाही सांगून ठेवलं, साहेब दिसले तर थांबू नका.

साधारण सातव्या आठवड्यात शालनताईंचा फोन आला. त्या सकाळी त्यांनी हात धरायच्या आधीच ते डावीकडे वळले होते. आपसूक. शालनताईंनी विचारलं, कुठं निघाला? ते म्हणाले, ड्युटीला. ड्युटी कुठं हाय? ते त्यांना सांगता आलं नाही. पण पाय चालत राहिले आणि केंद्रावर पोहोचले.

मी एकदा मुद्दाम बघायला गेले. हिरामणराव कॅन ओळीत लावून घेत होते, झाकण उघडून दुधाचा वास घेत होते. एका दूधवाल्याला कॅन परत धुवून आणायला पिटाळलं. तो मुकाट्यानं गेला. मला बघून म्हणाले, "तुमी नव्या का?"

असं सोळा महिने चाललं. मग एका सकाळी ते चपला समोर असूनही त्या कशासाठी आहेत ते कळेना, असे उभे राहिले. त्या वाटेचे जोडही सुटायला लागले होते. ते होणारच होतं. हा आजार थांबत नाही. त्याचा वेग कमी झाला तरी आम्ही समाधान मानतो. आता शालनताई त्यांना हाताला धरून नेतात. ते तासभर एका खुर्चीत बसतात. वासावरून अजून कधी कधी मान हलवतात. शालन हे नाव गेलं. पण शालनताईंनी हात पुढे केला की ते तो धरतात, दुसऱ्या कुणाचा धरत नाहीत.

रमेश मध्यंतरी ओपीडीत येऊन म्हणाला, मॅडम, तुमच्या उपचारानं वडलांची सव्वा-दीड वर्षं चांगली गेली. मी त्याला खरं ते सांगितलं. निदान माझं होतं. उपचार त्याच्या आईनं माझ्या आधीच सुरू केला होता. तो मी फक्त नियमात बसवून दिला.